क्लॅन लीडरांनो, वॉरमध्ये अटॅक न मारणाऱ्यांचं तुम्ही काय करता?

गंगाघाटकर

नमस्कार मंडळी. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' खेळणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतोय. बेस (खेळातलं आपलं गाव) कसा लावायचा, कुठली आर्मी न्यायची, यावर यूट्यूबवर हवे तेवढे व्हिडिओ मिळतात. पण पन्नास माणसं सांभाळायची कशी, यावर मराठीत वाचायला काही सापडत नाही. आपणच बोलूया.

खेळत नसलेल्यांसाठी थोडक्यात. फिनलंडच्या सुपरसेलचा हा खेळ २०१२ मध्ये आयफोनवर आला, २०१३ मध्ये अँड्रॉइडवर. एका क्लॅनमध्ये जास्तीत जास्त ५० जण. त्यात एक लीडर, काही को-लीडर, काही एल्डर आणि बाकी साधे मेंबर. २०१४ पासून क्लॅन वॉर सुरू झालं. वॉर लावलं की २३ तास तयारीचे आणि मग २४ तास लढाईचे. या २४ तासांत प्रत्येकाने दोन अटॅक मारायचे. समोरच्या एका बेसवर जास्तीत जास्त तीन स्टार. शेवटी ज्यांचे स्टार जास्त ते जिंकले, आणि स्टार सारखे झाले तर कुणी किती टक्के पाडलं त्यावर निकाल.

आमचा क्लॅन नाशिकचा. सिडको, पंचवटी, नाशिकरोड, ओझर, निफाड, सिन्नर असे सगळीकडचे लोक. कुणी अंबडला कंपनीत, कुणाचं मेनरोडला दुकान, कुणाची द्राक्षबाग, काही कॉलेजची मुलं. बहुतेक जण एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेलेही नाहीत.

आता मुद्दा. वॉर संपतं, यादी उघडून बघतो तर चार-पाच नावांपुढे अटॅक शिल्लक. आपण दोन स्टारनी हरलेलो. ग्रुपवर लगेच सुरू होतं, "काढा त्याला." मी सहसा काढत नाही. आधी विचारतो. माझं ठाम मत झालंय की फुकट वेळ देणाऱ्या माणसाला जाब विचारण्याआधी त्याचा दिवस कसा जातो ते लीडरला माहीत पाहिजे. नव्या मेंबरला मी टाऊन हॉल (म्हणजे खेळातली त्याची पातळी) कितवा ते नंतर विचारतो. आधी विचारतो की काम काय करतोस, मोबाईल हातात कधी असतो, घरी रेंज कशी आहे. बरेचसे चुकलेले अटॅक तिथेच समजतात.

तुम्ही कसं करता? क्लॅन लहान असो मोठा असो, सगळ्यांनी लिहा.

सहावी_स्कीम

धागा चांगला काढलात, पण मी पूर्ण उलट मताचा आहे.

आमच्याकडे सरळ नियम आहे. न सांगता दोन वॉरमध्ये अटॅक सोडले की बाहेर. कुणीही असो, अगदी माझा मावसभाऊही बाहेर गेलाय. कारण सांगतो. जो पोरगा रात्री एक वाजेपर्यंत जागून शेवटचा अटॅक मारतो, त्याच्या वेळेला काही किंमत आहे की नाही? तोही फुकटच देतोय ना वेळ. न येणाऱ्याला सांभाळून घेताना येणाऱ्याचा अपमान होतो, हे लीडरच्या लक्षात येत नाही. मग एक दिवस तो चांगला खेळाडू काही न बोलता क्लॅन सोडून जातो. भांडून जाणारा परत तरी येतो, गप्प जाणारा येत नाही.

आणि यायचं नसेल तर खेळातच सोय दिलीय की. प्रोफाइलमध्ये वॉरची ढाल लाल करून ठेवायची. हिरवी ठेवलीस म्हणजे तू शब्द दिलास.

तिसरी_पाळी

दोघांचंही वाचलं. मी मेंबर आहे, लीडर नाही, त्यामुळे पलीकडच्या बाजूने लिहितो.

मी सातपूरला कामाला. आमच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. कंपनीत आत जाताना मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. थर्ड शिफ्ट असली की सकाळी घरी येतो, आंघोळ-नाश्ता करून झोपतो, दुपारी उठतो. आधीच्या क्लॅनमध्ये वॉर दुपारी तीनला संपायचं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात आदल्या रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीच मला अटॅक मारता यायचा. तेव्हा ग्रुपवर कोणीच जागं नसायचं, कुठला बेस घ्यायचा ते सांगायलाही कुणी नाही. एकदा असाच न विचारता एक बेस घेतला, तो दुसऱ्या कुणासाठी ठेवला होता म्हणे. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली आणि लगेच किक.

सध्याच्या क्लॅनमध्ये को-लीडर ताई दर रविवारी विचारतात, "या आठवड्यात कुठली पाळी?" बस, एवढंच. तेवढ्यावरून माझ्यासाठी सकाळी मारायचे दोन बेस आधीच लिहून ठेवतात. तेव्हापासून माझा अटॅक चुकलेला नाही.

सहावी_स्कीम भाऊ, तुमचा नियम मला पटतो. पण "न सांगता" या शब्दावर सगळं अडतं. सांगायची सोय लीडरने करून ठेवायला हवी.

गंगाघाटकर

तिसरी_पाळी, हे फार मोलाचं लिहिलंत. वेळेचा हिशेब इथे मांडतो, कुणाला उपयोग झाला तर.

वॉरचा शोध शुक्रवारी रात्री दहाला सुरू केला आणि जोडी लवकर मिळाली, तर २३ तासांची तयारी धरून लढाई शनिवारी रात्री नऊच्या सुमारास सुरू होते आणि रविवारी रात्री नऊला संपते. म्हणजे फर्स्टवाला कामावरून आल्यावर मारतो, सेकंडवाला कामावर जायच्या आधी, थर्डवाला झोप झाल्यावर. आणि शेवटचे तीन-चार तास, जेव्हा उरलेले स्टार गोळा करायचे असतात, ते संध्याकाळचे येतात. त्या वेळी जास्तीत जास्त माणसं घरी असतात. लीडरला वाटलं म्हणून दुपारी दोनला वॉर लावलं, की याच्या उलटं होतं. वॉर कधी लावायचं हा लीडरच्या हातातला सर्वात मोठा निर्णय आहे असं मी म्हणेन. आर्मी, बेस वगैरे त्यानंतर.

पूर्वी "आर्मी तयार नाही" हे कारण असायचं. मार्च २०२५ च्या अपडेटपासून सैन्य तयार व्हायला वेळच लागत नाही, त्यामुळे ते कारण संपलं. आता खरी अडचण उरली ती माणसाच्या वेळेची.

बागाईतदार_निफाड

राम राम. मोबाईलवर टाइप करतोय, सांभाळून घ्या.

आम्ही गावातले नऊ-दहा जण एकाच क्लॅनमध्ये आहोत, सगळे द्राक्षवाले. ऑक्टोबरची छाटणी झाली की पुढचे दोन-अडीच महिने डोकं वर काढायला फुरसत नसते. फवारणी, विरळणी, डिपिंग. मध्येच ढगाळ झालं की डाउनी रोगाची धास्ती, मग रात्री-अपरात्री फवारा. थंडीत पारा उतरला की मणी तडकतात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि ठिबकने पाणी सोडायचं. थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. मोटर चालू करायला रात्री मळ्यात गेलो की तिथे रेंज नसते.

हे शहरातल्या लीडरला माहीत नसतं, आणि त्याला दोषही देत नाही. आम्ही छाटणीच्या आधीच सांगून टाकतो की आता फेब्रुवारी-मार्चपर्यंत आमची ढाल लाल. माल निघाला की हिरवी. तेवढ्या काळात आम्ही क्लॅनमधल्या इतरांना ट्रूप्स (सैनिक) डोनेट करतो, रेड वीकेंडला (क्लॅनने मिळून करायच्या वीकेंडच्या लढाया) जमलं तर जातो. आमच्या लीडरने आम्हाला त्या काळात एल्डरवरून खाली आणलं नाही, ही गोष्ट आम्हा सगळ्यांच्या मनात राहिली. उन्हाळ्यात आम्ही नऊच्या नऊ जण दोन्ही अटॅक मारतो. बघा विचारून त्याला.

सहावी_स्कीम

बागाईतदार भाऊ, तुमच्यासारखं सांगून जाणारा माणूस मी कधीच काढणार नाही. माझा राग गप्प बसणाऱ्यांवर आहे.

पण लीगचं काय ते बोला. साध्या वॉरमध्ये एकाने सोडलं तरी दुसरा आपल्या दुसऱ्या अटॅकने तो बेस उचलू शकतो. क्लॅन वॉर लीगमध्ये तसं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये लीग आली तेव्हापासून बघतोय: आठ क्लॅनचा गट, सात दिवस सात वॉर, आणि प्रत्येकाला रोज एकच अटॅक. पंधरा जणांत दोघे आले नाहीत तर ते दोन अटॅक गेलेच, भरून काढायला कुणाकडे दुसरा अटॅकच नसतो. अशा वेळी "दिवस कसा जातो" विचारत बसायचं का?

गंगाघाटकर

लीगमध्ये तर आधीच विचारायचं. साइन-अप महिन्याच्या सुरुवातीला असतं, आणि पंधराच्या लीगसाठी पंधराच नावं द्यावीत असं बंधन नाही. आम्ही वीस-बावीस नावं देतो. रोजच्या तयारीच्या वेळेत यादी बदलता येते. ज्याला उद्या जमणार नाही तो आज संध्याकाळपर्यंत ग्रुपवर "उद्या बाहेर" एवढं लिहितो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. साइन-अपच्या वेळी यादीत नसलेला माणूस नंतर घालता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच हात सैल ठेवायचा.

तुमचं एक मात्र मान्य करतो. लीगमध्ये "येतो" म्हणून न येणारा मी पुढच्या लीगला घेत नाही. क्लॅनमधून काढत नाही, पण यादीतही घेत नाही. आणि हे त्याला खासगीत सांगतो, ग्रुपवर नाही.

मोगरा

मी वर तिसरी_पाळी यांनी लिहिलेली को-लीडर नाही, पण तेच काम करते, इंदिरानगरहून.

तुम्ही सगळे वेळेबद्दल बोलताय, मला भाषेबद्दल बोलायचंय. मी पहिल्यांदा एका मोठ्या क्लॅनमध्ये गेले, तिथे अटॅक फसला की चॅटवर आईबहिणीवरून सुरू व्हायचं. लीडर हसायचा. मी बाई आहे हे तिथे कुणाला माहीत नव्हतं, नाव तसं नव्हतं. मी शांतपणे निघाले. आताच्या क्लॅनमध्ये लीडरदादांनी पहिल्याच आठवड्यात एका चांगल्या खेळाडूला याच कारणासाठी काढलं. तो आमच्यातला सर्वात जास्त स्टार आणणारा होता. दादांनी ग्रुपवर एकच ओळ लिहिली, "इथे पंधरा वर्षांची मुलं पण वाचतात." त्यानंतर आमच्या क्लॅनमध्ये तीन बायका उघडपणे स्वतःच्या नावाने खेळायला लागल्या, त्यातली एक आज आमची सर्वात भरवशाची अटॅकर आहे.

सहावी_स्कीम दादा, तुमच्या कडक नियमाला माझा पाठिंबा आहे, फक्त तो इथे लावा. अटॅक चुकला तर माफी असावी. शिवीला नसावी.

आणि दहावी-बारावीच्या मुलांसाठी आम्ही जानेवारीपासूनच लाल ढाल सक्तीची केलीय. कितीही गयावया केली तरी मार्चअखेरपर्यंत वॉर नाही. एका मुलाच्या आईचा मला फोन आला होता, तिला आधी वाटलं की क्लॅनवालेच त्याला खेळायला लावतात. नियम सांगितल्यावर तिनेच म्हटलं, "मग सुट्टीत घ्या त्याला परत." घेतलं.

सहावी_स्कीम

ताई, तुमची शिवीची गोष्ट वाचून आजच आमच्या ग्रुपवर तसा नियम टाकला.

आडगावकर_काका

मी खेळत नाही, मुलगा खेळतो. हा धागा त्यानेच दाखवला. एक प्रश्न. सरकारने ऑनलाइन गेमवर बंदी आणली ना गेल्या वर्षी? मग हे चालू कसं? आणि पैसे लागतात का यात?

मोगरा

काका, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला, तो पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालतो. रमी, पोकर, पैसे लावायचे फँटसी खेळ वगैरे. पैसे न लावता खेळायचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स त्यातून वेगळे ठेवलेत. या खेळात पैज लागत नाही, जिंकून रोख पैसेही मिळत नाहीत. खेळ फुकट आहे. मात्र पुढे लवकर जायचं असेल तर आत वस्तू विकत घेता येतात, तिथे मुलांवर लक्ष ठेवा. फोनच्या प्ले स्टोअरमध्ये खरेदीला पासवर्ड लावून ठेवा. आमच्या क्लॅनमध्ये कुणी काय विकत घेतलं यावर चर्चा करायची नाही असं ठरवलंय, नाहीतर ज्याच्या घरी परवडत नाही त्या मुलाला उगाच कमीपणा वाटतो.

पंचवटी_एक्स्प्रेस

उशिरा आलो, सगळं वाचलं. मुंबईला अप-डाउन करतो, त्यामुळे माझे बहुतेक अटॅक गाडीतच होतात आणि कसारा घाटात नेट गेलं की गेले. एक उपाय सुचवतो: ज्याला जमत नाही त्याने आपला आयडी लीडरला देऊन ठेवावा, लीडर त्याच्या वतीने मारेल. आमच्याकडे दोन-तीन जण असंच करतात, एकही अटॅक वाया जात नाही.

गंगाघाटकर

पंचवटी_एक्स्प्रेस भाऊ, कळकळीने सांगतो, हे बंद करा. अकाउंट दुसऱ्याला वापरायला देणं सुपरसेलच्या अटींत बसत नाही, विकणं-विकत घेणं तर नाहीच. बंदी आली तर इतक्या वर्षांचा गाव जाईल. आणि उद्या तुमचं त्या लीडरशी वाजलं तर?

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एकटा लीडर पाच जणांचे अटॅक मारायला लागला की क्लॅन कागदावर पन्नासचा राहतो आणि खेळतो एकच माणूस. तो थकला की सगळं थांबतं. असे क्लॅन मी डोळ्यांसमोर ओस पडलेले बघितलेत. तुमचा घाटाचा प्रश्न असेल तर नाशिकरोडला गाडी पकडायच्या आधी दहा मिनिटं मारा, किंवा घरी पोचल्यावर. लीडरला तेवढं सांगून ठेवा, तो तुमच्यासाठी बेस राखून ठेवेल.

तिसरी_पाळी

लीडर थकण्यावरून आठवलं. गणपतीच्या आधी आमच्याकडे ढोल पथकाचा सराव असतो. तिथे कुणालाच पैसे मिळत नाहीत, पण एक ढोल बसवणारा, एक ताशे सांभाळणारा, एक वेळा कळवणारा, अशी कामं वाटलेली असतात, म्हणून प्रमुख आजारी पडला तरी सराव होतो. क्लॅनमध्ये को-लीडर नुसतं नाव म्हणून देतात. काम वाटून दिलं तर?

गंगाघाटकर

आमच्याकडे तसंच आहे. एक को-लीडर फक्त वॉर कॅसलमधले (वॉरच्या बेसमधल्या किल्ल्यात इतरांनी द्यायचे) ट्रूप्स बघतो. एक लीगची यादी. एक नव्या लोकांशी बोलतो, तो स्वतः मध्यमच खेळतो पण त्याच्याशी बोललेला माणूस सहसा टिकतो. रेड वीकेंड शुक्रवार ते सोमवार असतो, तो सगळा एका कॉलेजच्या पोराकडे दिलाय आणि तो माझ्यापेक्षा चांगला करतो.

को-लीडर मात्र घाईने कुणाला करू नका. त्याला वॉर लावता येतं आणि मेंबर-एल्डरना काढताही येतं. एखाद्याचं डोकं फिरलं तर रात्रीतून क्लॅन रिकामा करू शकतो. मी खेळ बघून को-लीडर करत नाही. हरलेल्या वॉरनंतर तो ग्रुपवर काय लिहितो ते काही महिने बघतो.

बागाईतदार_निफाड

लीगच्या बोनस मेडलचं (लीग संपल्यावर लीडर काही जणांना वाटतो ती जास्तीची मेडलं) कुणीच बोललं नाही. सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून होतात.

सहावी_स्कीम

ज्याचे स्टार जास्त त्याला बोनस. विषय संपला.

मोगरा

मला नाही पटत. वरच्या टाऊन हॉलवाल्यांचे स्टार जास्त असतात, मग दरवेळी तेच चार जण घेतात. आम्ही बोनसचे दोन भाग करतो. काही स्टारवर, आणि उरलेले आळीपाळीने, ज्याने सातही दिवस मिळालेला प्रत्येक अटॅक मारला त्याला, मग स्टार कितीही पडोत. कुणाला कधी मिळाला त्याची यादी ग्रुपच्या वर पिन केलेली असते. लीग सुरू व्हायच्या आधी नियम सांगायचा आणि मध्येच बदलायचा नाही. आमच्याकडे तेव्हापासून या विषयावर भांडण झालेलं नाही. नववा-दहावा टाऊन हॉल असलेली मुलं आता लीगला उत्साहाने नाव देतात, कारण त्यांचाही नंबर येणार हे त्यांना यादीत दिसतं.

सहावी_स्कीम

हाच नियम पुढच्या लीगला आमच्याकडे लावून बघतो. काय होतं ते इथे येऊन लिहीन. पण न सांगता गायब होणाऱ्याला बोनस नाही, हे माझं कायम.

मोगरा

त्यावर आपलं एकमत आहे दादा.

सिन्नरफाटा

सगळ्यांना नमस्कार. मी गेल्या महिन्यात स्वतःचा क्लॅन काढला, सध्या आम्ही अकरा जण आहोत. लहान क्लॅनने सुरुवात कुठून करावी? आणि रंगपंचमीच्या आसपास वॉर लावावं का? आमची अर्धी पोरं जुन्या नाशिकची आहेत.

गंगाघाटकर

सिन्नरफाटा, अभिनंदन. वॉर पाच जणांपासून लावता येतं, तेव्हा अकरा जण असले तरी आधी पाचचंच लावा. अकरांपैकी जे पाच नक्की येणार तेवढेच घ्या, पुढच्या वेळी दुसरे पाच. अटॅक पूर्ण झाल्याची सवय लागली की दहावर जा. जिंकणं-हरणं पहिल्या काही वॉरमध्ये मोजूच नका. आणि मेंबर वाढवायची घाई करून अनोळखी लोकांना धडाधड आत घेऊ नका, त्यातले बरेच जण ट्रूप्स मागून निघून जातात.

रंगपंचमीला जुन्या नाशकात आणि पंचवटीत रहाडी (रंगाचे जुने हौद) उघडतात, त्या दिवशी तुमच्या पोरांचा मोबाईल कोरडा राहील असं धरूच नका. आदल्या रात्री संपेल असं वॉर लावा. दोन दिवस सोडा, मग पुढचं.

सिन्नरफाटा

ठीक आहे दादा. आज रात्री दहाला पाचचं लावतो. तुमच्यातल्या कुणाला बघायला यायचं असेल तर सांगा, क्लॅनचा टॅग निरोपातून पाठवतो.

तिसरी_पाळी

मला पाठवा. या आठवड्यात फर्स्ट आहे, संध्याकाळी मोकळा असतो. वॉर कॅसलसाठी ट्रूप्स लागले तर तेवढ्यापुरता येऊन देऊन जाईन.